घर, आश्रम आणि बिऱ्हाड : अपंग प्रौढांच्या सहनिवासाविषयीच्या लेखनाचा परामर्श

१

बौद्धिक अथवा शारीरिक अपंगत्व असलेल्या प्रौढ माणसांनी मोठ्या संस्थेत रांगेने जगण्यापेक्षा एखाद्या लहान घरात, चारसहा सोबत्यांसह व मदतनिसांच्या बरोबरीने राहावे, ही कल्पना गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पुष्कळ देशांत मान्यता पावली. तिचा विचार सामान्यतः समाजकार्य, मानसशास्त्र किंवा वैद्यक या शाखांतून होतो. वाङ्मयाच्या अभ्यासकाने या विषयात लक्ष घालण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात प्रथम उद्भवणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, ही कल्पना मुख्यतः कथनाच्या बळावर पसरली. संस्थापकाने सांगितलेली आरंभकथा, मदतनिसाने लिहिलेल्या आठवणी, मानववंशशास्त्रज्ञाने केलेले गावाचे वर्णन आणि क्वचित निवासी व्यक्तीने स्वतः लिहिलेला निबंध, अशा चार प्रकारच्या लेखनातून ती तुमच्याआमच्यापर्यंत आली. जे कथनरूपाने आले त्याची कथन म्हणून चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

या चारही प्रकारांत एक शब्द वारंवार भेटतो, तो म्हणजे ‘घर’. संस्था नव्हे घर, रुग्ण नव्हे घरचा माणूस, नियम नव्हे जिव्हाळा, अशा द्वंद्वांवर या लेखनाची उभारणी झालेली दिसते. ‘घर’ हा शब्द येथे वर्णनासाठी वापरला जातो आणि त्याच वेळी समर्थनासाठीही वापरला जातो. एखाद्या वास्तूस घर म्हटले की तिच्याविषयी पुढचे प्रश्न विचारणे असभ्यपणाचे वाटू लागते. घरात कोणी पावती मागत नाही आणि तक्रारीची नोंदवही ठेवत नाही. हा शब्द या लेखनात नेमके कोणते कार्य करतो, तो काय उजेडात आणतो आणि कशावर पडदा टाकतो, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात हाताळावयाचा आहे. २०२० सालापासून जी माहिती प्रकाशात आली, तिच्यामुळे हा प्रश्न निव्वळ शाब्दिक उरलेला नाही.

२

प्रथम आरंभकथेचा विचार करू. जाँ व्हानिये (१९२८–२०१९) हा कॅनडाच्या गव्हर्नर जनरलचा पुत्र. तो काही वर्षे आरमारात होता. पुढे ती नोकरी सोडून त्याने ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावर पॅरिस येथे प्रबंध लिहिला. ऑगस्ट १९६४ मध्ये फ्रान्समधील ट्रोली-ब्रय या खेड्यात त्याने एक लहानसे घर घेतले आणि मनोदुर्बलांच्या संस्थेत दिवस कंठणाऱ्या प्रौढांना आपल्यासोबत राहावयास बोलाविले. या घराचे नाव ‘लार्श’, म्हणजे नोहाची नौका. या एका घरातून पुढे जी परंपरा वाढली तिच्यात आज सुमारे दीडशे समूह असून ते पाचही खंडांत पसरले आहेत. भारतातील पहिले घर १९७० साली बंगळूर येथे ‘आशा निकेतन’ या नावाने सुरू झाले. व्हानियेला २०१५ साली टेम्पल्टन पारितोषिक मिळाले. मृत्यूपूर्वीच अनेक जण त्याला संत मानू लागले होते.

ही आरंभकथा व्हानियेने आपल्या व्याख्यानांतून आणि पुस्तकांतून कितीतरी वेळा सांगितली आहे. तिची रचना पाहण्यासारखी आहे. नायक सुस्थित, विद्वान, पण अंतर्यामी अस्वस्थ. तो दुःखाच्या जागी जातो. तेथील माणसांच्या डोळ्यांत त्याला एक मूक प्रश्न दिसतो. पुढचा आराखडा नसताना तो त्यांना घरी आणतो. आणि आपण यांना काही देण्यास आलो अशी समजूत असताना आपणच घेणारे ठरलो, असा साक्षात्कार त्याला होतो. आपल्याकडील संतचरित्रांच्या वाचकांना हा साचा अपरिचित वाटणार नाही. ऐश्वर्याचा त्याग, दीनांची संगती आणि दात्याचे याचकात होणारे रूपांतर, ही या साच्याची तीन अंगे होत.

परंतु याच कथेत काय सांगितलेले नाही, तेही पाहिले पाहिजे. आरंभानंतर वर्ष होण्यापूर्वीच, १९६५ मध्ये, त्याच खेड्यातील सुमारे तीस पुरुषांच्या एका संस्थेची सूत्रे व्हानियेने हाती घेतली. म्हणजे लहान घर आणि संस्था ही प्रारंभापासूनच शेजारीशेजारी होती. कथा मात्र लहान घराचीच सांगितली गेली. तीस माणसांच्या संस्थेस हिशेब, पगार, शिस्त, शासनाशी पत्रव्यवहार हे सारे आवश्यक असते. दोनतीन माणसांच्या घराची कथा यातील कशाचीच वाच्यता न करता सांगता येते. रूपकाची निवड ही येथे वगळणुकीचीही निवड आहे.

याहून मोठी वगळणूक पुढे उघडकीस आली. फेब्रुवारी २०२० मध्ये लार्शच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने स्वतःच करविलेल्या एका स्वतंत्र चौकशीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या निमित्ताने व्हानियेने १९७० ते २००५ या काळात सहा प्रौढ स्त्रियांशी फसवणुकीचे व लैंगिक स्वरूपाचे संबंध ठेवले, असे त्यात नमूद होते. जानेवारी २०२३ मध्ये इतिहास, समाजशास्त्र, मानसोपचार, धर्मशास्त्र इत्यादी शाखांतील अभ्यासकांच्या आयोगाचा विस्तृत अहवाल आला; त्यात ही संख्या किमान पंचवीस अशी दिली असून काळ १९५२ ते २०१९ असा धरला आहे. या स्त्रियांपैकी कोणी बौद्धिक अपंगत्व असलेली होती असे चौकशीत आढळले नाही. या आयोगाने आरंभकथेचीही छाननी केली. थॉमा फिलिप या धर्मगुरूच्या भोवती पूर्वी जमलेल्या आणि १९५६ साली रोमच्या धर्मपीठाने त्याला दोषी ठरवून विखुरलेल्या मंडळींना पुन्हा एकत्र येता यावे, हाही हेतू त्या खेड्यातील वास्तव्यामागे होता, असे आयोगाने दाखवून दिले. डोळ्यांतील मूक प्रश्नाची कथा खोटी होती असे यावरून सिद्ध होत नाही. ती अपुरी होती, आणि तिचा अपुरेपणा उपयोगी पडत होता, एवढे मात्र सिद्ध होते.

३

येथे समीक्षकापुढे जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. लेखकाच्या चरित्रावरून लेखनाचे मूल्य ठरवावे काय? मराठी समीक्षेने या प्रश्नाचा काथ्याकूट पुष्कळ केला आहे आणि कलाकृतीची स्वायत्तता मानण्याकडे आपल्या अनेक मान्यवर टीकाकारांचा कल राहिला आहे. काव्याच्या बाबतीत ही भूमिका पुष्कळशी मान्य करता येईल. परंतु जे लेखन वाचकास ‘असे जगा’ म्हणून सांगते आणि ज्याच्या आधारावर प्रत्यक्ष घरे चालविली जातात, त्यास स्वायत्ततेचे कवच पुरत नाही. तथापि लेखकाच्या अपराधाचा दाखला देऊन पुस्तक मिटवून ठेवणे, हाही आळसच होय. लेखनाच्या अंतर्रचनेतच या अपराधाला अडविणारी एखादी भिंत होती की नव्हती, हा प्रश्न विचारणे अधिक फलदायी आहे.

व्हानियेचा समूहजीवनावरील प्रमुख ग्रंथ १९७९ साली प्रसिद्ध झाला. क्षमा आणि उत्सव ही समूहाची दोन अधिष्ठाने होत, असे त्याचे मूळ फ्रेंच शीर्षकच सांगते. हा ग्रंथ सामान्य नाही. समूहात राहणाऱ्या माणसाचा थकवा, मत्सर, आरंभीच्या उत्साहानंतर येणारी निराशा, सोडून जाणाऱ्यांविषयी वाटणारी कटुता, यांचे त्याने केलेले निरीक्षण सूक्ष्म आहे. जो कोणी वसतिगृहात किंवा एकत्र कुटुंबात राहिला असेल त्याला ते पटते. अधिकार कसा चालवावा यावरही त्यात स्वतंत्र विवेचन आहे. परंतु या विवेचनातील अधिकारावरचा अंकुश मुख्यत्वे अंतःकरणातला आहे. नम्रता, श्रवण, प्रार्थना, क्षमायाचना हे त्याचे प्रकार. बाहेरच्या दृष्टीची गरज लेखकास मान्य आहे. मात्र ती दृष्टी स्नेह्याची किंवा आध्यात्मिक मार्गदर्शकाची आहे. निरीक्षक, न्यायासन अथवा करारपत्र यांना या शब्दसृष्टीत दुय्यम स्थान आहे. आणि ज्या ठिकाणी अपराध घडला ते ठिकाण नेमके आध्यात्मिक मार्गदर्शनाचेच होते. ग्रंथाने ज्या दाराशी राखणदार बसविला त्याच दाराने चोर आत आला, असे म्हणावे लागते.

हा दोष एका माणसाच्या ढोंगापुरता मर्यादित मानता येत नाही. कौटुंबिक रूपकाचाच हा दोष आहे. अर्व्हिंग गॉफमन याने १९६१ सालच्या आपल्या ‘असायलम्स’ या ग्रंथात सर्वंकष संस्थेचे लक्षण सांगितले आहे. झोपणे, काम करणे आणि विरंगुळा या तीन क्षेत्रांमधील भिंती पडतात आणि एकाच छताखाली, एकाच अधिकाराखाली सारे आयुष्य जाते, ते स्थळ म्हणजे सर्वंकष संस्था. गॉफमनने घरगुती जीवन हे अशा संस्थेच्या विरोधी टोकाला ठेवले. पण कौटुंबिक सहनिवासात, विशेषतः तेथेच राहणाऱ्या मदतनिसाच्या बाबतीत, या भिंती पुन्हा पडतात. तो जेथे काम करतो तेथेच झोपतो, तेथेच सण साजरे करतो आणि तेथल्याच ज्येष्ठापाशी मन मोकळे करतो. फरक एवढाच की गॉफमनच्या संस्थेत भिंती आज्ञेने पडतात, येथे त्या प्रेमाने पडतात. प्रेमाने पडलेली भिंत पुन्हा बांधा असे म्हणणे अधिक कठीण असते.

४

दुसरा प्रकार मदतनिसाच्या आठवणींचा. हेन्री नाउवेन (१९३२–१९९६) हा डच धर्मगुरू येल व हार्वर्ड येथील अध्यापन सोडून १९८६ साली टोरांटोजवळील लार्शच्या ‘डेब्रेक’ या समूहात राहावयास गेला. तेथे ॲडम नावाच्या तरुणाची सकाळची सर्व शुश्रूषा त्याच्याकडे आली. ॲडमला बोलता येत नव्हते, आधारावाचून चालता येत नव्हते आणि त्याला अपस्माराचे झटके येत. १९९६ मध्ये ॲडमचा मृत्यू झाला. त्याच वर्षी नाउवेनही वारला. ॲडमवरील त्याचे छोटे पुस्तक १९९७ साली प्रसिद्ध झाले.

या पुस्तकाची चौकट पाहता समीक्षकाची पहिली प्रतिक्रिया प्रतिकूल होते. ॲडमचे आयुष्य येथे ख्रिस्ताच्या आयुष्याच्या साच्यात बसविले आहे. अज्ञातवास, वाळवंट, लोकांमधील वावर, यातना, मृत्यू आणि त्यानंतरचे अस्तित्व, अशी प्रकरणांची मांडणी आहे. ज्याला स्वतःविषयी एक शब्दही बोलता येत नाही त्याच्या आयुष्याचा अर्थ दुसऱ्याने इतक्या निश्चितपणे लावावा, हे खटकते. त्यातही या कथेचे खरे कथानक निवेदकाचे आहे. बदलतो तो निवेदक, शिकतो तो निवेदक, मुक्त होतो तोही निवेदकच. ॲडम गुरुपदी बसविला जातो आणि म्हणूनच तो स्थिर राहतो. गुरूला कंटाळा येत नाही, गुरूला घर बदलावेसे वाटत नाही, गुरूचे मदतनिसाशी पटत नाही असे होत नाही. उन्नयनाच्या या पद्धतीने माणूस उंच जातो, पण त्याच्या आवडीनिवडी खालीच राहतात.

असे असूनही हे पुस्तक टाकाऊ ठरत नाही, आणि त्याचे कारण त्याच्या धर्मशास्त्रात सापडत नाही. ते त्यातील तपशिलांत सापडते. उठविणे, औषध देणे, स्नान, दाढी, कपडे, न्याहारी यांत रोज सकाळी जाणारे दीडदोन तास. अनोळखी शरीराला हात लावताना प्राध्यापकाला वाटलेली भीती. पुनःपुन्हा दुसऱ्यांना विचारावे लागणे. पुढे हळूहळू हातांना आलेली सवय, हे सर्व अत्यंत साध्या शब्दांत आले आहे. एका प्रसंगी निवेदक घाई करतो आणि ॲडमला झटका येतो. ‘सावकाश’ असे जणू ॲडमने आपल्याला सांगितले, असा अर्थ निवेदक काढतो. वैद्यकाच्या दृष्टीने हा अर्थ काढण्यास आधार नाही. परंतु आपण घाई केली ही कबुली मात्र खरी आहे, आणि तिचे मोल अर्थापेक्षा अधिक आहे. ज्या क्षणी निवेदक प्रतीक उभारणे थांबवून केवळ काय केले ते सांगतो, त्या क्षणी ॲडम प्रतीकातून बाहेर येतो आणि पाण्याचा स्पर्श आवडणारा अथवा न आवडणारा एक माणूस होतो. रूपक अपुरे पडते तेथे वर्णन उपयोगी पडते, याचे हे उत्तम उदाहरण होय. व्हानियेच्या आरंभकथेत नसलेली गोष्ट नाउवेनच्या पुस्तकात येथे सापडते. ती म्हणजे स्वतःविरुद्ध दिलेली साक्ष.

५

तिसरा प्रकार गावाच्या वर्णनाचा. बेल्जियममधील गील या गावी मनोरुग्णांना आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना गावकऱ्यांच्या घरी ठेवण्याची प्रथा कित्येक शतके चालत आली आहे. आख्यायिका अशी की, पत्नीवियोगाने भ्रमिष्ट झालेल्या आयर्लंडमधील राजापासून पळालेली त्याची कन्या डिम्फ्ना हिचा येथे पित्याच्याच हातून वध झाला आणि ती वेडग्रस्तांची संरक्षक देवता ठरली. तिच्या चर्चचे बांधकाम १३४९ साली सुरू झाले. नऊ दिवसांच्या अनुष्ठानासाठी येणाऱ्यांना चर्चमधील जागा पुरेना, तेव्हा ते आसपासच्या घरांत उतरू लागले, आणि काही तेथेच राहिले. आपल्याकडे नृसिंहवाडी किंवा गाणगापूर येथे पिशाचबाधेच्या समजुतीने आणलेली माणसे क्षेत्रस्थ मंडळींच्या घरी उतरत, त्याची येथे आठवण होते. मात्र आपल्याकडील उतारा हा तात्पुरता राहिला, गीलमध्ये त्याची व्यवस्था झाली. १८५० च्या कायद्यानंतर ती बेल्जियमच्या शासनाच्या वैद्यकीय देखरेखीखाली आली. १९३८ साली सुमारे सोळा हजार वस्तीच्या या गावात असे ३,७३६ निवासी होते. आज ती संख्या दोनतीनशेच्याही आत आली आहे.

व्हिन्सेंट व्हान गॉखच्या पित्याने १८८० साली मुलाला येथे ठेवण्याचा विचार केला होता, हे अनेकांना ठाऊक असते. त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की, गीलमधील माणसाला ‘रुग्ण’ म्हणत नाहीत. त्याच्यासाठी तेथे जो शब्द आहे त्याचा अर्थ पैसे देऊन घरात राहणारा व जेवणारा, असा आहे. यजमान कुटुंबास त्याच्या निर्वाहासाठी रक्कम मिळते. त्याच्या आजाराचे नाव कुटुंबाला सहसा सांगितले जात नाही. त्याच्या सवयी तेवढ्या सांगितल्या जातात. आणि कुटुंबाच्या पाठीशी, व वेळ पडल्यास कुटुंबाच्या विरोधीही, रुग्णालय उभे असते.

ल्यूव्हेनचा मानववंशशास्त्रज्ञ युजेन रोसेन्स याचा गीलवरील ग्रंथ १९७९ सालीच, म्हणजे व्हानियेच्या ग्रंथाच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. हे दोन ग्रंथ शेजारीशेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. रोसेन्सच्या लेखनात साक्षात्कार नाही. शेतावरील कामाला मिळणारा हातभार आणि दरमहा येणारी रक्कम हीदेखील यजमानांची कारणे होती, हे तो लपवीत नाही. घरात सामावून घेतले जाणे आणि बरोबरीचा दर्जा मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेही त्याच्या वर्णनातून स्पष्ट होते; गावातील माणूस आणि निवासी यांच्यामधील रेषा गावाला नेमकी ठाऊक असते. म्हणजे गील हा स्वर्ग नव्हे. परंतु तेथील ‘घर’ या शब्दाच्या पोटात पैसा, तिऱ्हाइताची देखरेख आणि अंतर या तीनही गोष्टी उघडपणे नांदतात.

मराठीत या स्थितीसाठी एक चांगला शब्द आहे, तो ‘बिऱ्हाड’. वाड्यातील बिऱ्हाडकरू हा घरात असतो, पण घरचा नसतो. मालकाच्या मुलीच्या लग्नात तो राबतो, नळावरून मालकिणीशी त्याचे भांडण होते, त्याच्या दुखण्यात मालक रात्रभर जागतो. परंतु त्याच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे असते, तो भाडे देतो, आणि त्याला बाहेर काढावयाचे झाल्यास मालकाला न्यायालयाची पायरी चढावी लागते. जिव्हाळा आणि हक्क यांचे असे सहअस्तित्व ‘घर’ या शब्दात बसत नाही, ‘आश्रम’ या शब्दात तर नाहीच. आश्रमात राहणारा तो आश्रित. ‘बिऱ्हाड’ या शब्दात मात्र ते सहज बसते.

६

चौथा प्रकार निवासी व्यक्तीच्या स्वतःच्या लेखनाचा. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांचे लेखन विरळ. शारीरिक अपंगत्व असलेल्यांनी मात्र लेखणी हाती घेतली आणि ‘घर’ या शब्दाला पहिला खडा सवाल त्यांनीच विचारला. इंग्लंडमधील लेनर्ड चेशर या वैमानिकाने १९४८ साली हँपशर परगण्यातील ल कोर्ट या आपल्या वास्तूत एका मरणासन्न माणसाला आसरा दिला. त्यातून ‘चेशर होम्स’ची परंपरा सुरू झाली आणि त्याच पुढच्या दशकात ती मुंबईतही पोहोचली. याही संस्थांनी ‘होम’ हाच शब्द निवडला हे लक्षणीय आहे. ल कोर्टमधील निवासी आपले नियतकालिक स्वतः चालवीत. रात्री किती वाजता झोपावे, बाहेर जाताना कोणाला सांगावे, असल्या प्रश्नांवर त्यांनी व्यवस्थापनाशी दीर्घकाळ झगडा केला. हे प्रश्न क्षुल्लक वाटतील. पण आपण किती वाजता झोपावे हे दुसऱ्याने ठरविलेले ज्या प्रौढ माणसाला चालेल, त्यानेच त्यांना क्षुल्लक म्हणावे.

याच निवासींच्या विनंतीवरून टॅव्हिस्टॉक संस्थेचे मिलर व ग्विन हे संशोधक आले. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात असा सिद्धान्त आहे की, अशा संस्थेत येणारा माणूस सामाजिक दृष्ट्या मृतच झालेला असतो, आणि सामाजिक मृत्यूपासून शारीरिक मृत्यूपर्यंतचा प्रवास सुसह्य करणे हे संस्थेचे कार्य होय. ल कोर्टमध्ये १९५६ पासून १९७० पर्यंत राहिलेल्या पॉल हंट याने या ग्रंथावर जो टीकालेख लिहिला, तो त्याच्या मृत्यूनंतर, १९८१ साली, प्रसिद्ध झाला. अपंगत्वाविषयीच्या वाङ्मयातील तो एक उत्कृष्ट समीक्षालेख मानावा लागेल. आपण दोन्ही बाजूंकडे समतोलाने पाहत आहोत असे सांगणारे संशोधक एका बाजूचेच कसे होते, हे त्याने त्यांच्याच विधानांवरून दाखविले. त्याचा स्वर कडवट आहे, कोठे कोठे अन्यायकारकही आहे. परंतु त्याने विचारलेला प्रश्न टळत नाही. मृत्यूपर्यंतचा प्रवास सुसह्य करण्याऐवजी त्या माणसाला ‘मृत’ ठरविणारी व्यवस्थाच का बदलू नये?

संयुक्त राष्ट्रसंघाच्या २००६ सालच्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक करारनाम्याने हाच प्रश्न कायद्याच्या भाषेत आणला. कोठे राहावयाचे आणि कोणासमवेत राहावयाचे हे ठरविण्याचा हक्क त्याच्या एकोणिसाव्या कलमाने मान्य केला. या करारनाम्यावर देखरेख करणाऱ्या समितीने २०१७ साली स्पष्ट केले की, शंभर खाटांची वास्तू असो वा पाचसात जणांचे लहान घर असो, राहणाऱ्याच्या हाती निवड नसेल तर त्यास स्वतंत्र जीवन म्हणता येणार नाही. लहानपणा हे घराचे लक्षण नव्हे, असाच याचा अर्थ.

७

आता आपल्याकडे वळू. जयवंत दळवी यांच्या ‘नातीगोती’ या नाटकातील मायबाप आपल्या मतिमंद मुलाच्या पायी रोज थोडे थोडे झिजत जातात. हे नाटक पाहून प्रेक्षक ज्या प्रश्नाने अस्वस्थ होतो तो प्रश्न प्रत्येक अशा घरात रात्री विचारला जातो, तो म्हणजे ‘आमच्यानंतर याचे काय?’ येथे ‘घर’ रूपक नाही. ते प्रत्यक्ष आहे, आणि ते पुरे पडत नाही. कौटुंबिक सहनिवासाची कल्पना आपल्याला आयात करावी लागत नाही. आपल्याकडे कुटुंबाखेरीज दुसरे काही फारसे नव्हतेच. म्हणून पश्चिमेत ‘घर’ हा शब्द संस्थेच्या विरोधात सुटकेचा शब्द ठरला, तो आपल्याकडे तसाच्या तसा सुटकेचा ठरेल असे मानणे चूक होईल. येथे थकलेल्या आईला जितकी सुटका हवी असते, तितकीच चाळिशीतल्या मुलालाही आईच्या प्रेमाबाहेरचे एक जग हवे असते. पण त्याला कोणी विचारीत नाही.

१९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाने अशा प्रौढांच्या आजीवन निवासासाठी एक योजना काढली आणि तिला ‘घरौंदा’ असे नाव दिले. हेतू निःसंशय चांगला आहे. पण हिंदीत घरौंदा म्हणजे मुलांनी मातीवाळूत खेळण्यासाठी बांधलेले घरकुल. ज्या माणसांना आयुष्यभर ‘मोठे झालेले मूल’ म्हणून वागविले गेले, त्यांच्या आजीवन निवासाला भातुकलीतील घराचे नाव मिळावे, हा योगायोग मानता येत नाही. शब्दाने आपली समजूत उघडी केली आहे. याच्या उलट नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनाकडे पाहावे. ऐन किशोरवयात पायांतील शक्ती गेलेल्या आणि पुढे कोल्हापूर येथे अपंगांसाठी संस्था उभी करणाऱ्या या लेखिकेच्या निवेदनात शुश्रूषा घेणारी आणि संस्था चालविणारी, अशा दोन्ही भूमिका एकाच ‘मी’मध्ये आहेत. अशा लेखनात कृतज्ञता आणि संताप शेजारीशेजारी बसू शकतात. कारण ज्याला उचलून नेले जाते त्याला उचलणाऱ्याचा हात आणि स्वतःचा संकोच ही दोन्ही एकाच वेळी ठाऊक असतात. नाउवेनच्या ॲडमला जे सांगता आले नाही, ते सांगण्याची शक्यता या ‘मी’मध्ये आहे.

८

सारांश, या वाङ्मयाचे मूल्यमापन करताना त्यातील जिव्हाळ्याचे प्रमाण मोजून भागणार नाही. व्हानियेच्या लेखनात तो विपुल होता. अशा कोणत्याही पुस्तकाला, अहवालाला किंवा संस्थेच्या स्मरणिकेला तीन साधे प्रश्न विचारावेत. या घराची किल्ली कोणाकडे आहे? घरातील माणसाविरुद्ध तक्रार करावयाची झाल्यास ती घराबाहेर कोणाकडे जाते? आणि ज्याच्यासाठी हे सारे आहे, त्याने कधी ‘नको’ म्हटल्याचा एक तरी प्रसंग या लेखनात नोंदलेला आहे काय? तिसरा प्रश्न विशेषतः वाङ्मयीन आहे. कथनात नकाराला जागा नसेल तर त्यातील होकाराला अर्थ राहत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. किल्ली, तक्रार आणि नकार यांची भाषा ही शब्दांवर हुकमत असलेल्यांची भाषा होय. ॲडमसारख्या माणसाला किल्ली देऊन तो काय करणार? त्याला हवा तो पाण्याचा कोमट स्पर्श आणि घाई न करणारा हात. आणि तो हात कराराने मिळत नाही, प्रेमानेच मिळतो. हा आक्षेप आम्हांला अंशतः मान्य आहे. हात प्रेमाने मिळतो हे खरे. परंतु तो हात उद्याही तितकाच हळुवार राहील, तो थकल्यास दुसरा हात येईल, आणि तो चुकल्यास कोणीतरी पाहील, याची शाश्वती प्रेम देऊ शकत नाही. जो बोलू शकत नाही त्याच्यासाठीच बाहेरच्या डोळ्यांची गरज सर्वाधिक असते. बोलू शकणारा निदान ओरडेल. गीलच्या गावकऱ्यांना हे शतकानुशतकांच्या अनुभवातून उमगले असावे, म्हणूनच त्यांनी पाहुण्याला जेवू घातले, शेतावर नेले, पण त्याच्या आणि आपल्या मध्ये रुग्णालयाला बसू दिले.

लार्शच्या संघटनेने आपल्याच संस्थापकाची चौकशी करविली आणि ती प्रसिद्ध केली, याचा उल्लेख केल्यावाचून हा लेख संपविणे अन्यायाचे होईल. ज्या समूहाचे सारे वाङ्मय क्षमेच्या शब्दाभोवती गुंफले होते, त्याने क्षमेच्या आधी चौकशी ठेवली. त्या घरांत आजही माणसे एकत्र जेवतात, एकमेकांचे वाढदिवस साजरे करतात. त्यांच्या आरंभकथेची जागा आता नऊशे पानांच्या अहवालाने घेतली आहे. कथा म्हणून तो अहवाल रुक्ष आहे. परंतु या परंपरेतील ‘घर’ या शब्दाला दार असावे लागते, हे त्याने प्रथमच लिहून ठेवले आहे. आपल्याकडे या विषयावर जे लेखन पुढे होईल त्याने भिंतींना रंग देण्यापूर्वी त्या दाराची जागा ठरवून घ्यावी.